जीपची यारी

आमच्या थोरल्या बंधूंनी २०१९ सालच्या चैत्रात एक जीप विकत घेतली. ही वार्ता फोनवरून कानी पडली तेव्हा मी कॉलेजच्या शिक्षक-खोलीत उत्तरपत्रिकांचा ढीग उपशीत बसलो होतो. ऐन दुष्काळात, जनावरांना कडबा कोठून आणावा या विवंचनेत असलेल्या माणसाला ही कसली अवदसा आठवली, असे क्षणभर वाटून गेले.

"कशी आहे?" मी विचारले.

"झकास. इंजिन नाही, टप नाही, चाकं दोनच आहेत. किलोवर घेतली."

"मग चालणार कशी?"

"चालवायची कुणाला आहे? तिची यारी करायची आहे."

शहरातील वाचकांना यारी म्हटले म्हणजे दोस्ती आठवेल. आमच्या माण तालुक्यात यारी ही विहिरीच्या काठावर उभी असते. आपला लोखंडी हात ती विहिरीवर पसरते आणि तळाचा दगड-मुरूम बादलीने वर काढते. मराठीचा मास्तर असल्यामुळे या दोन अर्थांची सांगड घालण्याचा मोह मला पूर्वी अनेकदा झाला आहे. त्या उन्हाळ्यात जे पाहिले त्यानंतर तो गेला. तळाशी उभ्या असलेल्या माणसाचे वरच्या यंत्राशी जे नाते असते, त्याला दोस्तीपेक्षा भक्कम शब्द हवा.

आमचा तालुका सातारा जिल्ह्याचाच, पण महाबळेश्वरच्या पावसाशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. ढग येतात, पश्चिमेकडच्या डोंगरांवर रिते होतात आणि आमच्या वाट्याला नुसती त्यांची सावली येते. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आम्ही होतोच. आमची विहीर आजोबांच्या वेळची, सुमारे ५० फुटांची. आजोबांच्या भाषेत सांगायचे तर सात परस. हात वर करून उभा राहिलेला पुरुष तो एक परस. माघ सरता सरता तळ दिसू लागला. आणखी दहा-बारा फूट खाली जावे म्हणजे पश्चिमेच्या अंगाने पाझर लागेल, असे दादांचे मत होते. परंतु त्या वर्षी हे मत एकट्या दादांचे नव्हते. जो तो आपल्या विहिरीच्या तळाला हात घालीत होता, आणि भाड्याच्या यारीसाठी लग्नातल्या आचाऱ्याप्रमाणे तारखा घ्याव्या लागत होत्या. मिळाली ती तारीख आषाढातली. आषाढात पाऊस आला तर खोदाई बंद आणि नाही आला तर माणसेच गाव सोडणार. तेव्हा दादांनी भंगाराच्या दुकानाची वाट धरली.

यारी बांधणारे मेस्त्री साठीच्या घरातले होते. म्हसवड रस्त्याला पत्र्याच्या शेडात त्यांचे वेल्डिंगचे दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या गाडीला बसतो हे त्यांना, आम्हांला वृत्तांची लक्षणे पाठ असतात तसे, तोंडपाठ होते. मे महिन्याच्या सुटीत मी गावी गेलो तेव्हा जीपची हाडे शेडासमोर सुटी करून मांडलेली होती. मी जरा हळहळलो. त्यावर मेस्त्री म्हणाले, "आवो सर, मेली न्हाय ती. निस्तं पळायचं सोडलंय तिनं. वडायचं कुठं सोडलंय?"

पुढे वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की मेस्त्री जीपला तिच्या मूळच्या कामाकडेच नेत होते. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या. एकीचा भाग दुसरीला बसावा अशी त्यांची रचना होती, आणि आज भंगारातसुद्धा जीपचा जो भाव आहे तो त्या गुणामुळे. युद्ध संपता संपता, १९४५ साली, विलिसने नागरी जीप काढली ती बहुतांशी शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून. तिच्या मागच्या बाजूला पट्ट्याची पुली बसवून घेता येई आणि त्या पुलीवर शेतातली यंत्रे चालत. लवकरच महिंद्रांनी मुंबईत जीपांची जुळणी सुरू केली आणि मग ती आपल्याकडे फौजदारांपासून इंजिनिअर साहेबांपर्यंत सगळ्यांच्या दारात दिसू लागली. यारीच्या कामाला तिच्यातले दोन अवयव विशेष मोलाचे: गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांमधले डिफरन्शियल. चॅसीचे दोन लांब चॅनेल सांगाड्याला उपयोगी पडले, ही वरकड कमाई.

मेस्त्रींनी मला शिष्य करून घेतले. म्हणजे माझ्या हातात खडू दिला. गिअरबॉक्सच्या दोन्ही टोकांच्या दांड्यांवर खुणा केल्या, पहिला गिअर टाकला आणि मला मोजायला सांगितले. आत येणारा दांडा १४ वेळा फिरवला तेव्हा बाहेर जाणारा ५ वेळा फिरला. मग डिफरन्शियल उघडून दाते मोजले. लहान पिनियनला ८, तिने फिरवायच्या मोठ्या क्राउनला ४३. म्हणजे पिनियनने पाच पूर्णांक तीन अष्टमांश फेरे घ्यावेत तेव्हा क्राउन एकदा फिरणार. विहिरीवर पंपाचे ५ हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन पाण्याअभावी रिकामेच बसून होते. ते मिनिटाला १५०० फेरे घेई. त्याच्या लहान पुलीवरून तिपटीने मोठ्या पुलीवर पट्टा टाकला की राहिले ५००, गिअरबॉक्सने त्याचे १८० च्या आत आणले, डिफरन्शियलने ३३. वेग जितका सोडावा तितका जोर पदरात पडतो, हा यंत्रांचा सनातन व्यवहार. आजोबांच्या मोटेला चार बैल लागत. येथे एका माणसाला हाताने उचलता न येणाऱ्या, पण चार माणसांना सहज हलवता येणाऱ्या त्या इंजिनाने ३०० किलोंची बादली सहज उचलायची होती.

चाक जिथे बसते तिथल्या पाच बोल्टांवर चाकाऐवजी आठ इंची पाइपाचा रूळ बसविला. त्याच्या दोन्ही कडांना जाड पत्र्याच्या चकत्या. एका फेऱ्याला दोन फुटांहून थोडा अधिक दोर गुंडाळायचा. दोर दहा मिलिमीटरचा, तारेचा, नवा कोरा. बाकी सगळे भंगारातले चालेल, दोर मात्र दुकानातला, हा मेस्त्रींचा पहिला नियम. असा दोर नवा असताना पाच टनांच्या आसपास ताण सोसतो. आपण त्याच्यावर फार तर तीनशे किलो टांगणार. मग इतका जाड कशाला, असे मी विचारले. मेस्त्री म्हणाले, "नव्याचा हिशेब सांगताय सर. हा दोर दगडाला घासणार, उन्हात तापणार, चाकावर दिवसातनं शंभरदा वाकणार. ह्यो किती दिवस नवा ऱ्हाईल?" बादली तळाला टेकली तरी रुळावर दोराचे निदान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, हा दुसरा नियम. ओढ खरी ती वेढ्यांच्या घर्षणावर पेलली जाते. टोकाच्या बोल्टावर ती पडली तर बोल्ट किती वेळ टिकणार? खुंटाला दोन वेढे देऊन मारका बैल एका हाताने धरणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता डिफरन्शियलची गोष्ट. पुढची सारी हकिगत याच्यावर उभी असल्यामुळे येथे थोडे थांबतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो, आतल्याला जवळचा. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर एक फरफटेल. म्हणून मध्ये चार लहान दाती चाकांची अशी रचना असते की दोन बाजूंची बेरीज कायम राहावी, पण वाटणी बदलावी. एक बाजू हळू झाली की दुसरी तितकीच जलद. एक बाजू जागच्या जागी धरून ठेवली तर दुसरी दुप्पट वेगाने फिरते.

मेस्त्रींनी या गुणाचा फार देखणा उपयोग योजला. उजव्या टोकाला दोराचा रूळ. डाव्या टोकाचा मूळचा ब्रेक तसाच ठेवून त्याला लांब दांडा जोडला. डावा ब्रेक दाबून धरला की सगळी गती उजवीकडे येणार आणि बादली वर चढणार, तीही दुप्पट वेगाने: पन्नास फूट वीस-बावीस सेकंदांत. बादली खाली सोडायची असेल तेव्हा डावा ब्रेक हलके हलके ढिला करायचा. क्लच नको, उलटा गिअर नको. एका दांड्यावर सगळा कारभार. दादा तर खूश होऊन गेले. भाड्याची यारीसुद्धा इतकी चपळ नाही, असे ते दोघा-तिघांना सांगून आले.

ज्येष्ठातल्या एका सकाळी यारी विहिरीवर उभी राहिली. मागच्या बाजूला दगडांनी भरलेली चार पिंपे वजनाला बांधली होती, हात विहिरीवर पसरला होता आणि जीपचे बॉनेट इंजिनावर सावलीसाठी उलटे घातले होते. नारळ फुटला. खोदाईचे चार कामगार काठावर बिड्या ओढीत बसले होते. मला राहून राहून वाटत होते की पहिल्या बादलीतून आपण खाली जावे. लहानपणी त्या विहिरीत उड्या मारल्या होत्या, तिचा तळ मात्र कधी पाहिला नव्हता. शिवाय, खरे सांगायचे तर, या यंत्राचे दाते मी मोजले होते. त्याच्यावर माझाही थोडा हक्क होता. मी चपला काढल्या आणि एक पाय बादलीत ठेवला.

"उतरा," मेस्त्री म्हणाले.

"का? दगडांपेक्षा मी हलकाच आहे की."

"म्हणूनच. आधी दगूड जाऊ द्या."

दादा हसले, कामगार हसले, मीही ओशाळून हसलो आणि पाय काढून घेतला. माझ्या तिप्पट वजनाचे दगड बादलीत भरले गेले. मेस्त्रींनी बादली आत घेतली, निम्म्यापर्यंत सोडली, थांबवली, वर घेतली, पुन्हा सोडली. तीनदा सगळे यथासांग झाले. चौथ्या खेपेला बादली वर येत असता काठापासून दहाएक फुटांवर तिचा वेग मंदावला, ती थबकली आणि खाली जाऊ लागली. प्रथम सावकाश. मेस्त्रींनी दांड्यावर अंग टाकले. डावा ड्रम भिंगरीसारखा फिरू लागला. इंजिन चालू होते, गिअर पडलेला होता, पट्टा जागेवर होता, दोर शाबूत होता, आणि तरीही बादली खाली जात होती. मग एकदम रुळावरून दोर सळसळत सुटला. खालून जो आवाज आला तो कानाला नव्हे, पायांना कळला.

बराच वेळ कुणी बोलले नाही. कामगारांपैकी सर्वांत वयस्क होता तो काठावर गेला, वाकून पाहिले आणि परत येऊन आपल्या जागी बसला. माझ्या चपला बादलीच्या जागेजवळ तशाच पडल्या होत्या. त्या घालायला मला धीर होईना.

मेस्त्रींनी डावा ड्रम उघडला. आत ब्रेकचे लायनर तेलाने ओलेचिंब होते. यारी उभी केली ती जागा डावीकडे किंचित उतरती होती. डोळ्याला कळू नये इतकी. डिफरन्शियलचे तेल उताराने डाव्या टोकाशी जमले, जुन्या सीलमधून पाझरले आणि लायनरला लागले. जीप रस्त्यावर धावत होती तेव्हा हेच सील वर्षानुवर्षे पुरले असते. "सील बदलायचं मनात आलं हुतं," मेस्त्री खाली मान घालून म्हणाले. "म्हटलं, बरं हाय अजून."

परंतु दोष एकट्या सीलचा नव्हता, आणि हे त्यांनीच मला त्या रात्री ओट्यावर बसून समजावून दिले. गाडीचे इंजिन ओढायचे थांबले की गाडी सपाट रस्त्यावर उभी राहते. थांबणे हा तिच्या बाबतीत स्वस्थपणा. गाडीचा प्रत्येक अवयव या समजुतीवर घडलेला असतो. दोराला टांगलेल्या ओझ्याला स्वस्थपणा ठाऊक नसतो; त्याला सोडले की ते निघाले. मोटेचे बैल धावेवर थांबले तर मोट अधांतरी थांबे, कारण बैल हे एकाच वेळी इंजिनही होते आणि ब्रेकही. आमच्या यारीत उचलणारा एक आणि धरून ठेवणारा दुसरा; दुसरा घसरला तेव्हा पहिला, उचलायच्या ऐवजी, त्या घसरणाऱ्या ड्रमलाच जोराने फिरवीत बसला. डिफरन्शियलची बेरीज बरोबर होती. वाटणी मात्र चुकली होती.

पुढचे आठ दिवस दादांना फार जड गेले. मृग कोरडा चालला होता आणि त्यांना एकेक दिवस पैशांत दिसत होता. "नवीन सील घाला, जागा सपाट करा आणि लावा कामाला," असे ते म्हणत. मेस्त्री ऐकेनात. त्यांनी डिफरन्शियलच्या आतली ती चार लहान चाके, बाजूची दोन आणि मधली दोन, वेल्डिंगने एकजीव करून टाकली. आता वाटणी नाही. दोन्ही टोके एका दांड्यासारखी बरोबर फिरणार. याची किंमत म्हणजे वेग निम्मा. पन्नास फुटांना पाऊण मिनिट. पण डावा ब्रेक आता थेट दोराच्या रुळाला रोखू लागला, मध्यस्थ उरला नाही.

तो ब्रेकही त्यांनी बदलला. ड्रमच्या आतले तेलावर चालणारे बूड काढून टाकले आणि ड्रमच्या बाहेरून लायनर रिव्हेट केलेली लोखंडी पट्टी गुंडाळली. तिचे एक टोक सांगाड्याला पक्के, दुसरे लांब दांड्याला. पट्टीची दिशा अशी की ओझे खाली जायला लागले तर ड्रम स्वतःच तिला अधिक आवळून घेईल. आणि दांड्याच्या टोकाला वजन टांगले. ब्रेक दाबायला माणूस नको. तो कायमचा दाबलेलाच. बादली सोडायची असेल तर माणसाने दांडा हाताने उचलून धरायचा. त्याला ठेच लागली, चक्कर आली, गांधीलमाशी चावली, हात सुटला, तर दांडा आपोआप खाली आणि बादली जागच्या जागी. शिवाय रुळाच्या कडेला दातेरी चाक आणि त्यावर पडणारा खटका. बादली चढताना तो टकटक वाजत राहतो. पट्टा तुटला तर पुढच्याच दात्यात अडकतो. सील नवे घातले. पाण्याची नळी धरून पाणसळ पाहिली आणि मगच सांगाडा पक्का केला.

दांड्याला वजन काय टांगावे, हा प्रश्न निघाला. लोखंडाचा तुकडा महाग आणि दगड बांधायला गैरसोयीचा. आमच्या पडवीत आजीचे जाते गिरणी आल्यापासून पडून होते. खालच्या तळीला मध्यभागी भोक असतेच. आईने प्रथम नको म्हटले, मग "तळी परत आणायची" या बोलीवर ती दिली.

दुसऱ्यांदा यारी उभी राहिली तेव्हा नारळ फोडायची कुणाची हिंमत झाली नाही. तेच दगड, तीच बादली. मेस्त्रींनी तीस-चाळीस खेपा केल्या. भरल्या बादलीनिशी अर्ध्यावर इंजिन बंद केले. पट्टा काढून टाकला. शेवटी ब्रेकच्या दांड्यापासून दूर जाऊन, हात मागे बांधून, बादलीकडे पाहत उभे राहिले. ती हलली नाही. कामगार मात्र बादलीत बसायला तयार नव्हते, आणि मेस्त्रींनीही त्यांना बसा म्हटले नाही. पायट्यांवरून जिथवर उतरता येत होते तिथून खाली लोखंडी शिडी सोडली आणि दगडांसाठी यारी, माणसांसाठी शिडी, असे ठरले. बादली हलत असताना तळाशी असलेल्यांनी पश्चिमेच्या कपारीत उभे राहायचे, हेही. दमल्या संध्याकाळी पन्नास फूट शिडी चढणे सोपे नसते. दोनदा-तीनदा तरुण पोरांनी बादलीला हात घातला. दोन्ही वेळा तो वयस्क कामगार काही न बोलता त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला, आणि ती शिडीकडे वळली.

अशा यारीवरून बादली सुटल्याची, दोर तुटल्याची बातमी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते. पूर्वी मी ती वाचून पान उलटीत असे. आता "दोर तुटून" असे लिहिलेले दिसले की थांबतो. सील होते का, उतार होता का, वाटणी कुठे चुकली, हे त्या चार ओळींत कधीच नसते.

काळा कातळ लागला, सुरुंग झाले, आणि एकसष्टाव्या फुटावर, दादांच्या म्हणण्याप्रमाणे पश्चिमेलाच, पाझर लागला. फार नाही; जनावरांपुरता आणि अर्ध्या एकर मकेपुरता. दादांनी मला फोनवर तो आवाज ऐकवण्याचा प्रयत्न केला, पण मला ऐकू आला तो खटक्याचा टकटकाट.

यारीचा खर्च भागवण्यासाठी पुढच्याच हंगामात दादांनी ती भाड्याने दिली. तेव्हापासून ती घरी क्वचितच असते. आज या गावात, उद्या त्या गावात. दोर दोनदा बदलला, लायनर किती वेळा कोण जाणे. दांड्याला आजीच्या जात्याची तळी तशीच आहे. वरची तळी आमच्या पडवीत भिंतीला टेकून एकटी उभी असते, आणि मी सुटीला गेलो की आई न चुकता विचारते, "खालची कधी आणणार रे?"